अंगावर रसायन पडलं: आधी पाणी की आधी कपडे?

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९.१२

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे, आवाशी, घाणेखुंट पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींसाठी एक पानी पत्रक करायचं आहे. कारखान्यात, हायवेवर टँकर पलटून किंवा बागेत फवारताना माणसाच्या अंगावर रसायन आलं, तर दवाखान्यात पोचण्याआधी त्याचं अंग स्वच्छ कसं करायचं, एवढाच विषय. गळती बंद करणं, आग विझवणं यात नाही; ती कामं अग्निशमन दलाची आणि कंपनीच्या माणसांची.

मसुदा असा:
१) वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर काढा
२) भरपूर पाण्याने धुवा
३) कपडे काढा
४) १०८ ला फोन करा

प्रश्न तीन. भरपूर म्हणजे किती लिटर, किती मिनिटं? सगळ्या रसायनांना पाणी चालतं का? आणि गावात शॉवर नसतो, मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा काय करायचं? इथे सुरक्षा विभागातले, दवाखान्यातले, बागायतदार सगळेच आहेत म्हणून विचारतोय. हकिकती नकोत, कृती आणि आकडे द्या.

सेफ्टीबूट | रात्री ९.४०

२ आणि ३ ची अदलाबदल करा. आधी कपडे.

अंगावर उडालेल्या रसायनाचा मोठा भाग कपड्यांवर, पादत्राणांवर आणि केसांत असतो. कपडे तसेच ठेवून बादल्या ओतल्या की कापडातलं रसायन पाण्याबरोबर कातडीपर्यंत पोचतं आणि ओलं कापड पोटिसासारखं चिकटून बसतं. पट्टा, चामड्याची चप्पल, घड्याळाचा चामडी पट्टा यांत मुरलेलं धुऊन निघत नाही. त्या वस्तू गेल्या असं समजायचं.

काढायची रीतही लिहा. टी-शर्ट, गंजी डोक्यावरून ओढायची नाही, कारण छातीवरचं सगळं डोळ्यांना आणि तोंडाला पुसलं जातं. पुढून कात्रीने उभं कापायचं, बाहेरची बाजू आत गुंडाळत मागे सोडायचं. कात्री बोथट टोकाची हवी. कपडे एका प्लास्टिक पिशवीत, तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत. हे पहिल्या दहा मिनिटांत उरकलं तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

अपवाद दोन. ॲसिड किंवा कॉस्टिक सोड्याचा फवारा बसला असेल तर पाण्याखाली उभं राहूनच कपडे काढायचे, दोन्ही एकदम. आणि द्रवरूप अमोनियाने कापड कातडीला गोठून चिकटलं असेल तर आधी पाण्याने सोडवायचं. ओढलंत तर कातडीसकट येतं.

डोलकाठी | रात्री ९.४८

म्हणजे हातखंब्याच्या तिठ्यावर दोनशे जण मोबाइल उगारून उभे असताना माणसाने कपडे काढायचे! पत्रक छान आहे, अंमलबजावणीला तुम्हीच उभे राहा. (हलके घ्या.)

व्हॉल्व्हमन | रात्री १०.०५

लिटरचा हिशोब. कारखान्यातल्या आपत्कालीन शॉवरला भारतीय मानक आहे, आयएस १०५९२. आकडे मात्र बहुतेक ठिकाणी अमेरिकी मानकाचे पाळतात: शॉवरला मिनिटाला सुमारे ७५ लिटर, सलग १५ मिनिटं. म्हणजे एका माणसाला अकराशे लिटरच्या वर. डोळे धुण्याच्या फवाऱ्याला मिनिटाला दीड लिटर, तेही १५ मिनिटं. पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान. आणि धोक्याच्या जागेपासून शॉवर दहा सेकंदांच्या चालीवर हवा, मध्ये दार, पायरी, पिंप काही नको.

घरातला अर्धा इंची नळ मिनिटाला दहा-बारा लिटर देतो. भरपूर म्हणजे किती ते यावरून कळेल.

ओहोटी | रात्री १०.३१

पंधरा मिनिटं सरसकट लिहू नका, असहमत. अमेरिकी सरकारसाठी ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने केलेल्या प्रयोगांवर आधारलेली 'प्रिझम' मार्गदर्शिका आहे. तिचा क्रम: कपडे काढा, कोरडं टिपा, मग साबण आणि फडक्यासह थोडा वेळ शॉवर, मग टॉवेलने अंग कोरडं करा. युरोपातल्या प्रयोगांतही दीड मिनिटाच्या आसपासचा शॉवरच निघाला. जास्त वेळ, गरम पाणी आणि जोरात घासणं यांनी कातडीची अडकाठी ढिली होते, रक्तपुरवठा वाढतो आणि तेलकट रसायन बाहेर जायच्या ऐवजी आत जातं.

आणि एकेकाला पंधरा मिनिटं लावलीत, तर रांगेतल्या चाळिसाव्या माणसाचा नंबर दहा तासांनी लागेल.

सेफ्टीबूट | रात्री १०.४४

एका शॉवरवर दहा तास. हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. कॉस्टिक सोडा दीड मिनिटात जात नाही.

नाडी | रात्री ११.२०

दोघेही बरोबर आहात, रसायनं वेगळी आहेत.

जाळणारी रसायनं (ॲसिड, कॉस्टिक, चुना, अमोनिया) कातडीवरच नुकसान करतात. तिथे वेळ महत्त्वाचा: किमान १५ मिनिटं, अल्कलीला (कॉस्टिक, चुना, अमोनिया) अर्धा तास किंवा जास्त. ॲसिडने वरची प्रथिनं गोठून एक कवच तयार होतं, ते पुढचं शिरणं थोडं तरी थोपवतं. अल्कली चरबीचा साबण करत खोल जात राहते, म्हणून रुग्ण 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी थांबायचं नाही. साबणासारखी बुळबुळ गेली, पीएच पट्टी (आम्ल की अल्कली ते दाखवणारा कागद) ७ च्या आसपास आली, की दहा मिनिटं थांबून पुन्हा पट्टी लावायची. आतून अल्कली वर येते आणि आकडा परत चढतो.

शोषली जाणारी विषं (बागेतली ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं, तेलकट द्रावकं) कातडीला फारसं काही करत नाहीत, आत जाऊन मारतात. तिथे ओहोटी म्हणतात तो क्रम योग्य: टिपा, साबणाच्या कोमट पाण्याने थोडक्यात पण नीट धुवा, पुसा. शेवटचं पुसणं लोक विसरतात. पाण्यात सुटलेलं विष टॉवेलबरोबर निघतं, तसंच वाळू दिलं तर कातडीवरच राहतं. टॉवेल पिशवीत जाणार, दोरीवर नाही.

नुसता वायू (क्लोरिन, हायड्रोजन सल्फाइड) लागला असेल आणि कातडी चुरचुरत नसेल, तर मोकळी हवा आणि वरचे कपडे उतरवणं एवढ्यावर बहुतेकदा भागतं. त्याला धूत बसून ऑक्सिजनला उशीर करू नका.

खाडीकाठ | रात्री ११.३२

नाडी, हे सोनं आहे. म्हणजे पत्रकात 'जळजळ होते का, चुरचुरतं का?' हा एकच प्रश्न ठेवून दोन वाटा दाखवता येतील?

नाडी | रात्री ११.३८

हो, एक खोट सोडून. फिनॉल कातडी बधिर करतं, दुखत नाही. पातळ हायड्रोफ्लोरिक ॲसिडही सुरुवातीला दुखत नाही. वीस टक्क्यांखालचं असेल तर कळ कधी कधी एक दिवसाने येते. 'दुखत नाही' म्हणजे 'लागलं नाही' असं पत्रकात कुठेही येऊ देऊ नका.

रानमोडी | मंगळवार, सकाळी ७.१५

शाळेत शिकवलंय की ॲसिडमध्ये पाणी घालू नये, पाण्यात ॲसिड घालावं. मग अंगावरच्या सल्फ्युरिकवर पाणी ओतायला कसं सांगता? गावात लोक यामुळेच घाबरतात.

व्हॉल्व्हमन | सकाळी ७.५०

तो नियम चंचुपात्रासाठी आहे, माणसासाठी नाही. पात्रात पाणी थोडं आणि ॲसिड जास्त असतं, उष्णता जागच्या जागी अडकते आणि उकळी फुटते. अंगावर एक तांब्या ओतलात तर खरंच तसं होईल. सलग धार धरलीत तर उष्णता साठायच्या आधी वाहून जाते. दाट थर असेल तर धार सुरू होईपर्यंत कोरड्या फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. फडकं शोधण्यात मिनिट घालवू नका, पाणी हाताशी असेल तर सरळ पाणी.

पाणंद | सकाळी ८.२६

आमच्याकडे कॉस्टिक उडालं की आमसुलाचं आगळ लावा म्हणतात. आंबट ते खाऱ्याला मारतं. चूक आहे का?

मुणगेकरीण | सकाळी ८.३१

आगळ पित्त उठला तर अंगाक लावतंत, ता ठीक. ह्येका लावशाल तर जखमेर आंबट घातल्यासारखा होतला. सोलकढीक ठेवा.

नाडी | सकाळी ९.०२

मुणगेकरीण ताईंना अनुमोदन. ॲसिडवर खाण्याचा सोडा, कॉस्टिकवर आगळ किंवा लिंबू हे मुळात धुण्यातला वेळ खातं. किती लागलंय ते माहीत नसताना किती लावायचं हेही कळत नाही, आणि दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई सगळं बाद. भाजलेल्यावर लेप आला की दवाखान्यात तो खरवडायलाच अर्धा तास जातो.

हापूसवाला | सकाळी ९.४०

बागेकडे वळतो. मोहोराच्या फवारण्या एचटीपी पंपाने (जोराच्या दाबाच्या) होतात. गडी झाडाखाली उभा राहून गन वर धरतो, त्यामुळे खाली येणारं सगळं डोकं, मान, खांदे आणि पाठीवर. हातमोजे घातलेला माणूसही टाळूतून आणि मानेतून विष घेतो. धुताना क्रम हाच ठेवा: केस, कानामागे, मान, काखा, बेंबी, जांघा, नखांखाली. केस धुताना मान मागे टाकायची, नाहीतर केसातलं पाणी डोळ्यांत.

डब्यावरचा त्रिकोण: लाल अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. डबा किंवा निदान लेबलाचा फोटो रुग्णाबरोबर पाठवा. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट ही ऑर्गनोफॉस्फेट या एका कुळातली, बाकीची निराळी.

अजून एक. फवारणीचं पिंप आणि नळी अंग धुवायला वापरू नका. पंप जवळ असतो, जोर चांगला असतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण नळीच्या रबरात औषध मुरलेलं असतं.

पाणंद | सकाळी ९.५५

फवारून आल्यावर अंगाला खोबरेल लावतात, चुरचुर थांबते म्हणून.

ओहोटी | सकाळी १०.१०

फॉस्फेट कुळातल्या औषधाला तेल लावणं म्हणजे विषाला आत जायला होडी देणं. ही औषधं तेलात विरघळतात.

काजूबी | सकाळी १०.३४

पण काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेलच लावतात, त्यावर राख! टरफलातलं तेल तेलकटच असतं की.

नाडी | सकाळी ११.०५

काजूबी, तिथे तेल आधी लावतात, आड म्हणून. टरफलातलं तेल कातडी भाजतं पण फॉस्फेटसारखं रक्तात जाऊन मारत नाही, आणि चिकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही. दोन वेगळी गणितं.

तेलाची अजून एक जागा आहे. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा औषधांनी चेहऱ्याला मुंग्या येतात, जळजळते. कोमट पाण्याने ती वाढते. गार पाणी आणि साबणाने धुऊन पुसल्यावर व्हिटॅमिन ई किंवा खाद्यतेलाने आराम पडतो. पण ते धुतल्यावर, आणि डबा कुठला ते नक्की माहीत असताना. पत्रकात मात्र 'तेल नको' एवढंच लिहा. एका पानावर अपवादाचा अपवाद मावत नाही.

बांदेकर | सकाळी ११.२०

कोरडं टिपायचं ते कशाने? गावात टिश्यू कुठून?

ओहोटी | दुपारी १२.०२

शोषणारं काहीही: कापूस, सॅनिटरी पॅड, जुनं सुती लुगडं, धोतर. दाबून टिपायचं, मग एका दिशेने पुसायचं, प्रत्येक वेळी कोरी बाजू. गोल गोल फिरवलं की पसरतं.

आणि मुलतानी माती. हसू नका, लष्कराच्या वैयक्तिक निर्विषीकरण संचात तीच असते. बारीक चिकणमाती तेलकट थेंब शोषून घेते. कोरडी भुरभुरवायची, अर्धा मिनिट थांबून पुसून टाकायची. डोळे, तोंड, उघडी जखम सोडून. माती नसेल तर तांदळाचं पीठ चालून जाईल. ॲसिड-कॉस्टिकला हे करत बसू नका, तिथे सरळ पाणी.

डोलकाठी | दुपारी १२.१५

चेहऱ्याला लावायची तीच ना? घरात बायकोचा डबा आहे, वाचनखूण साठवली.

सुरंगी | दुपारी १.३०

डोलकाठींचा कालचा विनोद खरा प्रश्न आहे. बायका उघड्यावर कपडे काढणार नाहीत. ओल्या कपड्यांतच रिक्षात बसून दवाखान्यात जातील. मग सगळं मुसळ केरात. सोय आधी करा: चार बांबू आणि ताडपत्री, दोन रांगा, बायकांच्या रांगेत बायकाच मदतीला. आडोशाआधीच एक मोठा प्लास्टिक कागद, मध्ये डोक्यापुरतं भोक पाडून अंगावर घालायला द्या, पूर्वीच्या इरल्यासारखा. त्याच्या आत हात घेऊन कपडे खाली सोडता येतात. बाहेर आल्यावर घालायला मॅक्सी, लुंग्या, चादरी यांचा गठ्ठा तयार हवा. समोर कोरडे कपडे दिसले की माणूस अंगावरचे सोडायला तयार होतो.

दागिने. मंगळसूत्राचं सोनं, बांगड्या, जोडवी धुऊन परत देता येतात. काळा दोरा, करगोटा, गंडा, पोवतं मात्र भिजतं आणि धरून ठेवतं. ते कापावं लागतं. 'कापतो' म्हणण्याआधी 'पिशवीत तुमच्या नावाने ठेवतो' म्हणा. पिशवीवर आणि मनगटावर एकच आकडा, न पुसणाऱ्या पेनने. पिशवी हरवली तर पुढच्या वेळी गावात कोणी ऐकणार नाही.

सेफ्टीबूट | दुपारी १.४२

+१. आमच्या पुस्तकांत हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

बर्फवाडी | दुपारी ३.१०

बंदरांचं कोणीच बोललं नाही. हर्णै असो की मिरकरवाडा, बर्फाच्या कारखान्यांत गारव्याला अमोनिया. अमोनिया हवेपेक्षा हलका, वर जातो असं पुस्तकात असतं. पण गळती द्रवाची असेल तर तो उणे ३३ अंशांवर उकळतो, आपल्याकडच्या दमट हवेत पांढरा ढग होतो आणि जमिनीलगत पसरतो. 'वर जाईल' म्हणून खाली बसून राहू नका. ढगाला फवारा चालतो, पाणी अमोनिया ओढून घेतं. जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी मारू नका, पाण्याच्या उष्णतेने तो आणखी उसळतो.

अमोनिया ओलावा शोधतो: डोळे, घसा, घामेजलेल्या काखा आणि जांघा. धुताना तिथे जास्त वेळ. बाहेर येताना ओलं फडकं नाका-तोंडावर धरलं तर थोडी मदत होते. साध्या कापडी किंवा एन-९५ मास्कने वायू अडत नाही.

आणि बोटीच्या खणात मासळी सडून होणारा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, शंभर पीपीएमच्या आसपास नाकच मरतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून दुसरा उतरतो, मग तिसरा. श्वसनयंत्राशिवाय कुणी उतरायचं नाही. आत पडलेल्याला धुवायचं की नाही हा फार पुढचा प्रश्न आहे.

खाडीकाठ | दुपारी ३.४०

वाऱ्याची दिशा कशी ठरवायला सांगू? 'आडव्या दिशेने' एवढंच पुरेल का?

बर्फवाडी | दुपारी ४.०५

दुपारी खारे वारे समुद्राकडून डोंगराकडे, रात्री आणि पहाटे मतलई वारे उलट. पावसात नैर्ऋत्येचा जोर. पण घाटाजवळ हे पुरत नाही. रात्री गार हवा उतारावरून दरीत उतरते आणि क्लोरिनसारखा जड वायू तिच्याबरोबर. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड. परशुराम घाटाच्या वरच्या सड्यावर (पठारावर) गळती आणि वेळ पहाटेची, तर खाली नदीच्या अंगाला जाऊ नका. आधी वाऱ्याला आडवे सरका, मग वारा येतो त्या बाजूला आणि चढावर. बांबूला प्लास्टिकची पट्टी बांधून ठेवा, तेवढं पुरतं. धुण्याची जागाही त्याच नियमाने, विहिरीपासून लांब.

रानमोडी | दुपारी ४.२०

ते धुतलेलं पाणी पऱ्यात (ओढ्यात) जाणार. प्रदूषण मंडळ धरणार नाही का?

व्हॉल्व्हमन | दुपारी ४.५०

आधी माणूस, मग पऱ्या. पाणी अडवायची व्यवस्था होईपर्यंत धुणं थांबवायचं नाही. पण फावडं असेल तर एका माणसाला चर खणायला लावा, उतारावर मातीचा बांध घाला, आणि खालच्या वाडीला 'आज पऱ्याचं पाणी गुरांना नको' असा निरोप धाडा.

पंपहाउस | संध्याकाळी ६.१५

ग्रामपंचायतीचा स्वतःचा धोका विसरू नका: टीसीएल (ब्लिचिंग) पावडर. विहिरीत टाकताना वाऱ्याने डोळ्यांत जाते. क्लोरिनबरोबर चुनाही असतो. अंगावरची आधी कोरडी झटका, मग पाणी. डोळ्यात गेली तर लगेच पाणी. टीसीएलच्या डब्याशेजारी संडास साफ करायचं ॲसिड ठेवू नका, दोन्ही मिसळले की खोलीत क्लोरिन.

नाडी | संध्याकाळी ७.००

डोळ्यांचं एकदा नीट लिहितो, पत्रकात चौकट करा. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना पोरांच्या डोळ्यात उडते, तिथेही हेच.

पहिल्या सेकंदापासून पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून. माणूस स्वतःहून डोळा उघडत नाही, दुसऱ्याने धरावा लागतो. धार नाकाकडून कानाकडे, म्हणजे चांगल्या डोळ्यात जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत दडतात. पापणी उलटून ओल्या कापसाच्या काडीने टिपावे लागतात, नाहीतर अर्धा तास धुऊनही आत चुना सुटतच राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रिंगर लॅक्टेटची (सलाइनसारख्या द्रावणाची) बाटली सलाइनच्या नळीला लावून पूर्ण सोडायची. प्रत्येक डोळ्याला किमान दोन लिटर. बधिर करणारा थेंब डॉक्टर घालतील. खालच्या पापणीत पीएच पट्टी, ७ ते ७.४ येईपर्यंत चालू.

हायड्रोफ्लोरिकला कातडी पाच मिनिटं धुऊन अडीच टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचं, हातमोजे घालून. तयार जेल नसेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या दहा टक्क्यांच्या इंजेक्शनची १० मिलीची एक कुपी पाण्यात विरघळणाऱ्या ३० मिली जेलीत मिसळून लावायची. फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम ओढतं, हृदय त्यामुळे थांबतं, म्हणून तळहाताएवढा डाग असला तरी रुग्णालयातच. फिनॉलला पीईजी-४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) मध्ये भिजवलेल्या बोळ्यांनी पुन्हा पुन्हा पुसायचं. ते नसेल तर मोठी धार. तांब्याभर पाण्याने फिनॉल पसरतं आणि जास्त शोषलं जातं. पीईजी डोळ्यात नाही.

सेफ्टीबूट | संध्याकाळी ७.२५

सोडियम धातूचे तुकडे राहिले. पाणी नाही, कोरड्या चिमट्याने उचलून खनिज तेलात टाका. हे कारखान्याच्या दाराबाहेर सहसा येत नाही, म्हणून गावच्या पत्रकात नको.

बांदेकर | रात्री ८.१०

टँकरमध्ये काय आहे ते गावातल्या माणसाला कसं कळणार?

व्हॉल्व्हमन | रात्री ८.३५

टँकरच्या बाजूला आणि मागे पाटी असते, त्यावर चार आकडी क्रमांक. क्लोरिन १०१७, अमोनिया १००५, सल्फ्युरिक १८३०, हायड्रोक्लोरिक १७८९, हायड्रोफ्लोरिक १७९०, कॉस्टिकचं द्रावण १८२४, एलपीजी १०७५. पाटीवरच्या हॅझकेम संकेतात (आपत्तीत काय करायचं ते सांगणारी आकडा-अक्षरं) शेवटी ई असेल तर माणसं हलवायचा विचार करा. लांबून मोबाइलच्या झूमने फोटो काढा, जवळ जाऊन वाचू नका. क्रमांक ११२ ला सांगा. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र चोवीस तास असतं: १८०० ११६ ११७.

जाता जाता, १९८९ च्या घातक रसायन नियमांतल्या पंधराव्या नियमाप्रमाणे आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं मोठ्या धोक्याच्या कारखान्यांवर बंधनकारक आहे. पंचायतीने लेखी मागावी. यादी आली की तुमच्या पत्रकात नेमकी तीच रसायनं टाकता येतील.

माउली | रात्री ९.२०

मदत करणाऱ्याचंही लिहा हो. सगळं त्याच्याच अंगावर येतं.

नाडी | रात्री ९.४५

बरोबर. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडला गेला, तेव्हा सेंट ल्यूक रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६४० जण आले आणि कपडे न उतरवता आत घेतले गेले. नंतरच्या पाहणीत सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांना त्रास झाल्याचं निघालं. वाऱ्याला वाट नसलेल्या जागेत तो जास्त होता.

म्हणून गाडीच्या काचा उघड्या, एसी बंद. हाताला नायट्राइल किंवा जाड रबरी मोजे. दवाखान्यातले पातळ मोजे द्रावकांना टिकत नाहीत. काहीच नसेल तर दोन जाड प्लास्टिक पिशव्या मनगटाशी बांधा. रेनकोट, गमबूट, चष्मा. विष प्यालेल्याची उलटीही विषारी. सेल्फॉसची (धान्यात ठेवायची) गोळी असेल तर उलटीतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, बंद खोलीत ठेवू नका. काम संपल्यावर मदतनीसही त्याच रांगेतून धुऊन बाहेर.

खाडीकाठ | रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. नवा क्रम: बाहेर आणि चढावर, कपडे कापून पिशवीत, जळतं तर धार, तेलकट तर टिपा-धुवा-पुसा, डोळ्यांची चौकट वेगळी, डबा किंवा पाटीचा फोटो. १०८ चा फोन शेवटी नाही, दुसरा माणूस पहिल्या मिनिटाला करेल. मोठी आपत्ती असेल तर एनडीआरएफची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, म्हणजे घाट उतरून यायला काही तास, तोवर गावच.

उरला मे महिन्याचा प्रश्न. पंचायतीच्या आवारात चौथऱ्यावर हजार लिटरची टाकी, बुडातून दीड इंची व्हॉल्व्ह, असं ठरतंय. जळलेला एक माणूस किंवा तेलकट औषधाचे पंचवीस, एवढी तिची ताकद.

व्हॉल्व्हमन | रात्री १०.५२

माणशी दोन बादल्या म्हणजे चाळीस लिटर धरलेत, ठीक आहे. जळलेल्याला पूर्ण धारेने ती तेरा-चौदा मिनिटंच पुरेल, म्हणून दुसरी टाकी किंवा विहिरीचा पंप जोडून ठेवा. समुद्राचं पाणी अंगाला चालेल, डोळ्यांना गोडंच. टाकीवर नारळाच्या झापांची सावली करा आणि व्हॉल्व्हनंतरचा पाइप उन्हात लांबवू नका. मे महिन्यात दुपारी काळ्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देईल इतकं तापतं. ते जमिनीवर सोडून, हात धरून बघून, मगच माणूस धारेखाली घ्या. आणि महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह उघडा. खाऱ्या हवेत लोखंडी चाक जाम होतं, पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्या.